त्रेचाळीसचे शेहेचाळीस

यवतमाळ जिल्ह्यात गोल्फ खेळतात असं मी सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाचा वास घेतो. मग विचारतो, "कुठं?" मारेगावच्या अलीकडे, चुनखडीच्या कारखान्याच्या वसाहतीत, असं म्हटलं की त्याचा संशय आणखी वाढतो. माझ्या सासऱ्यांनी तर "जावई क्लबात असतात" एवढंच ऐकून लेकीला दोनदा खासगीत विचारलं होतं, पत्ते पैशानं खेळतात की नुसतेच.

तर आधी खुलासा करून टाकतो. मी एक फटकाही मारलेला नाही. मी त्या वसाहतीतल्या ऑफिसर्स क्लबचा कारकून होतो. नोकरीच्या कागदावर वाचनालय, बॅडमिंटनची फुलं आणि कॅरमची पावडर एवढंच माझ्याकडे होतं. पण रुजू झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात क्लबच्या सेक्रेटरी साहेबांनी एक नियमांचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "स्पर्धा आहे, स्कोअर तू बघ. तुझं अक्षर चांगलं आहे." त्या अक्षराच्या जोरावर मी सव्वीस वर्षं गोल्फचा न्यायाधीश होतो. साहेब लोक मला 'स्कोअर' म्हणायचे, कामगार 'स्कोअरवाले भाऊ'.

मैदान नऊ होलचं, म्हणजे नऊ भोकांचं. टीव्हीवर दिसतं तसलं हिरवंगार गवत आमच्याकडे पोळ्यापर्यंत टिकायचं. पुढं सगळा मुरूम. भोकाभोवती जे गुळगुळीत हिरवं वर्तुळ असतं, त्याला ग्रीन म्हणतात. आमच्याकडे ग्रीन नव्हतं, ब्राऊन होतं. बारीक वाळूत जळकं ऑइल कालवून केलेलं गोल अंगण. त्यावरून चेंडू छान घरंगळतो, पण खेळून गेलेल्यांची पावलं उमटतात. म्हणून प्रत्येक ब्राऊनवर एक माणूस, गोणपाट बांधलेली लाकडी फळी ओढून ते पुन्हा सारखं करायला. सातव्या ब्राऊनवर वंदनाबाई होत्या. त्यांच्याकडे येतोच, पण आधी हिशेब कसा चालतो ते कळलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत फुकट जाईल.

गोल्फमध्ये चेंडू भोकात घालायला जितके फटके लागले तितका तुमचा आकडा. कमी फटके तो शहाणा. कुठल्या होलला किती लागावेत ते ठरलेलं असतं, तीन, चार किंवा पाच. आमच्या नऊ होलचे मिळून छत्तीस. छत्तीसमध्ये कोणी आलेला मी सव्वीस वर्षांत पाहिला नाही, पण कल्पना म्हणून चांगली आहे.

आता खरी मेख. या खेळात मैदानभर पंच फिरत नाहीत. आपलं कार्ड आपण लिहायचंही नसतं. तुमचे फटके मी मोजायचे, माझे तुम्ही. खेळ संपला की दोघांनी समोरासमोर बसून एकेक होल ताडून पाहायचा. लिहिणाऱ्याची सही, खेळणाऱ्याची सही, आणि कार्ड माझ्या टेबलावर. टेबलाला लागलं की संपलं, मग देव आला तरी आकडा बदलत नाही. बेरीज चुकली तर कोणाचं काही बिघडत नाही, बेरीज करणं माझं काम. पण एखाद्या होलचाच आकडा चुकीचा असेल तर दोन गोष्टी होतात. खऱ्यापेक्षा कमी लिहून सही केली असेल, तर अख्खी फेरी बाद. खऱ्यापेक्षा जास्त लिहून सही केली असेल, तर तो जास्तीचाच आकडा कायम. सोडत नाहीत.

या कायद्यानं मी भल्याभल्यांना रडवलं आहे. आमचे खरेदी खात्याचे साहेब एकदा पहिले आले होते. पेढे मागवून झाले, आलेही. चहा पिता पिता स्वतःच मोठेपणानं सांगायला लागले, "चौथ्यावर सहा लागले तरी जिंकलो बघ." कार्डावर चौथ्याला पाच होते. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "साहेब, आपण बाद." त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग वाटलं माझी पगारवाढ कोणाच्या हातात आहे ते मी विसरलोय. मग त्यांनी पुस्तक मागितलं, वाचलं, आणि पेढे माझ्याच टेबलावर ठेवून निघून गेले. पेढे आम्ही खाल्ले. पुढं दोन वर्षं क्लबच्या पंख्याची खरेदी मंजूर झाली नाही.

उलट प्रकार डॉक्टरांचा. दवाखान्याचे डॉक्टर स्वतःचं कार्ड न वाचता सही करत, रोग्याचं जसं करत तसंच. एकदा लिहिणाऱ्यानं चाराचे सात केले आणि डॉक्टर सही ठोकून मोकळे. तीन फटके बिचाऱ्यांच्या बोकांडी बसले. "अरे पण सगळ्यांनी पाहिलंय चार!" म्हणून ओरडले. मी म्हणालो, "साहेब, मी मैदान पाहत नाही. कार्डावर आहे तेवढंच मी बोलतो." हे वाक्य मला फार आवडायचं. दरवर्षी एकदा तरी म्हणायला मिळावं अशी माझी इच्छा असे.

डॉक्टरांबद्दल हळहळू नका. त्यांनी हँडिकॅपमध्ये सगळं वसूल केलं. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला दिलेली सवलत, लहान भावाला धावायला चार पावलं पुढं उभं करतात तशी. वर्षभर तुम्ही किती वाईट खेळता त्यावरून ती ठरते आणि स्पर्धेत तेवढे फटके वजा होतात. डॉक्टर वर्षभर इतकं वाईट खेळत की बघवत नसे. चेंडू झाडाला, दगडाला, एकदा तर म्हशीला. आणि स्पर्धेच्या सकाळी असे नीट मारायचे की त्यांच्याबरोबरचे तिघं दुपारपर्यंत बोलत नसत.

स्पर्धा डिसेंबरात. तेव्हा आमच्या सहाव्या होलच्या कुंपणापलीकडे नामदेवरावांच्या वावरात कपाशी फुटलेली. पांढरा चेंडू पांढऱ्या कापसात गेला की ब्रह्मदेवालाही सापडत नाही. नियम सोपा आहे, चेंडू हद्दीबाहेर गेला की एक फटका दंड आणि पुन्हा आधीच्याच जागेवरून मारा. पण चेंडू महाग, म्हणून साहेब लोक आत शिरायचे. वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून उभ्या. त्यातली एक म्हणायचीच, "आता आलेच तर थोडं वेचू लागा ना साहेब!" पुढं आम्ही भगवे चेंडू मागवले. तरी संक्रांतीला नामदेवराव बादलीभर पांढरे चेंडू आणून द्यायचे आणि म्हणायचे, "हे तुमचे बोंडं. जिनिंगवाला घेऊन नाही राह्यला."

आता बक्षिसं. हा भाग लोकांना सर्वांत रंजक वाटतो.

मी एकदा नागपूरला व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धेत स्कोअरच्या टेबलावर मदतीला गेलो होतो. तिथं पैसा असतो, पण तो वाटण्याची तऱ्हा अशी की आपण हौशी आहोत याचं समाधान वाटावं. चार दिवसांची स्पर्धा, पण दोन दिवस झाले की एक रेघ मारतात. रेघेखालचे निम्मे खेळाडू बॅगा उचलून घरी, बहुतेकदा रिकाम्या हातानं. येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च त्यांचा त्यांचा. रेघेवरच्यांना क्रमानं पैसे. दोघांची बरोबरी झाली तर भांडण नाही. समजा दुसऱ्याला साठ हजार आणि तिसऱ्याला चाळीस. दोघं दुसऱ्या जागेवर बरोबरीत आले, तर साठ आणि चाळीस एकत्र करून पन्नास-पन्नास. फक्त पहिल्या नंबराची वाटणी होत नाही, तिथं पुन्हा खेळून सोक्षमोक्ष लावतात.

आमच्याकडे रोख नव्हतं. हौशी माणसानं पैसे घ्यायचे नाहीत असा जुना दंडक. आता त्यात थोडी ढिलाई आली आहे म्हणतात, पण आमच्या क्लबात वस्तूच. त्या आणायला मी यवतमाळला जायचो, सोबत क्लबच्या महिला मंडळाच्या दोघी. आता वस्तूची पंचाईत अशी की ती अर्धी करता येत नाही. दोघं बरोबरीत आले म्हणून मिक्सरचं भांडं एकाला आणि मोटर दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून आमच्याकडे बरोबरी शेवटाकडून फोडायची. दोघांचे शेवटचे सहा होल बघायचे, ज्याचे फटके कमी तो वर. तिथंही सारखे तर शेवटचे तीन. तिथंही सारखे तर शेवटचा एक. म्हणजे सुरुवातीला घाण करून शेवटी सावरणारा फायद्यात. यावरून साहेब लोक ब्राऊनवरच तावातावानं भांडत, फळी ओढणाऱ्या माणसांच्या देखत. तिथं कोणी ऐकणारं आहे असं त्यांच्या मनातही येत नसे.

वंदनाबाई ऐकत होत्या. बारा वर्षं.

चाळिशीची, सडपातळ, बोलायला कमी. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. राहणं मारेगावात, बौद्ध वस्तीत. नवरा गवंडीकामावर, चंद्रपूरकडे. दोन गट येण्यामधल्या रिकाम्या वेळात त्या कोणाच्या तरी टाकून दिलेल्या सात नंबरच्या लोखंडी काठीनं चेंडू मारत. काठी जमिनीवर आपटत नसत, हिसडा देत नसत. जनरल मॅनेजर साहेबांनी एकदा दुरून पाहिलं आणि शेजारच्याला विचारलं, "हे कोण नवीन मेंबर?"

त्यातूनच कामगारांच्या स्पर्धेची कल्पना निघाली. साहेबांची स्पर्धा रविवारी, कामगारांची आदल्या शनिवारी. नऊ होल, हँडिकॅप वगैरे काही नाही, त्यांचा कोण काढणार? आणि बक्षिसं लावली मी. इथून पुढचं माझ्या अकलेचं प्रदर्शन आहे, सावकाश वाचा.

एका साहेबांनी गोल्फची चामडी बॅग आणि नऊ नंबरचे कोरे गोल्फ-बूट दान केले होते. किंमत मोठी, म्हणून मी ते पहिल्या नंबराला लावले. दुसऱ्याला चाकांची सुटकेस. तिसऱ्याला मोटरवाली शिलाई मशीन, महिला मंडळाकडून. चौथ्याला छत्री. शिवाय मीच ठळक अक्षरात कागद चिकटवला होता, 'बक्षिसे बदलून मिळणार नाहीत.' कारण आदल्या वर्षी दोन साहेबांनी कुकर आणि डिनर सेटची अदलाबदल केली, घरी गेल्यावर दोघांच्या बायकांचं बिनसलं आणि ते भांडण माझ्या टेबलावर आलं होतं.

शुक्रवारी बक्षिसं मैदानाकडेच्या माझ्या स्कोअरच्या शेडमध्ये मांडली. वंदनाबाई मशीनपुढं बराच वेळ उभ्या होत्या. चाक फिरवून पाहिलं, सुई खाली घेऊन पाहिली.

"शिवता काय तुम्ही?" मी विचारलं.

"शिवतो ना भाऊ. नणदीची मशीन होती माह्याकडं. तिनं मांगच्या महिन्यात केळापूरले परत नेली." मग जरा थांबून म्हणाल्या, "शाळेच्या मोठ्या बाई म्हणत होत्या, पोरायचे गणवेश तुलेच देतो, पण मशीन घरची पायजे. दुसऱ्याच्या मशीनवर नाही देत. संक्रांतीपर्यंत सांग म्हणे."

"मग खेळा की नीट."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही तरी बावळटासारखं बोललो आहे. ते बावळटपण मला रात्री जेवताना कळलं. नीट खेळल्या तर त्या पहिल्या येणार होत्या. मैदानावर त्यांच्या जवळपास कोणी नव्हतं. आणि पहिल्याला काय, तर नऊ नंबरचे पुरुषी बूट.

कँटीनच्या भास्करनं तर आधीच जाहीर केलं होतं, "मशीन माह्या घरी जाते, बायकोनं जागा करून ठेवली." म्हणजे त्याच्याशी गुपचूप अदलाबदलही शक्य नव्हती.

शनिवारी सकाळी चौदा जण उतरले. वंदनाबाईंचं कार्ड लिहायला गणपत ड्रायव्हर होता. पहिल्या होलची सुरुवात माझ्या शेडसमोरून, आणि तिसरं ब्राऊन शेडच्या अगदी पुढ्यात. तिसऱ्यावर बाईंनी चार फटके घेतले ते मी या डोळ्यांनी पाहिलं. मी मैदान पाहत नाही हे खरं, पण डोळे मिटून तरी किती बसणार?

गट एकेक करून परतू लागले. कार्ड आलं की मी बेरीज करून फळ्यावर खडूनं लिहायचो. इलेक्ट्रिशियन रफिकचे चव्वेचाळीस. भास्करचे पंचेचाळीस. बाकीचे पन्नासाच्या पुढं, एक तर ऐंशीला, त्यानं बहुतेक वेळ नामदेवरावांकडेच काढला. तेवढ्यात गणपत पाणी प्यायला माठापाशी आला आणि माझ्या कानाशी लागला.

"भाऊ, बाईनं त्रेचाळीस मारले. म्या मोजले ना. बापरे बाप!"

मी मनातल्या मनात फळ्यावर सर्वांत वर तिचं नाव लिहूनही टाकलं. पण कार्ड येईना. बघतो तर बाई निंबाच्या झाडाखाली, कार्ड मांडीवर, पेन्सिल हातात, नजर माझ्या फळ्यावर.

मी हाक मारली, "वंदनाबाई, कार्ड द्या."

"तपासून राह्यली ना भाऊ."

पाच मिनिटांनी पुन्हा हाक मारली. नियमात कार्ड लवकरात लवकर द्यायचं असतं. शेवटचा गट अजून मैदानात होता, त्यात दिलीप प्लंबर, आणि तो बरा खेळतोय अशी आरोळी आली होती. त्याचा आकडा कळेपर्यंत बाईंना थांबता येणार नव्हतं. मला काय चाललंय ते कळायला लागलं होतं आणि कळतंय हे चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मी खडू शोधत बसलो, जो हातातच होता.

त्या आल्या. कार्ड माझ्यापुढं धरलं. दोघांच्या सह्या होत्या. मी बेरीज केली. शेहेचाळीस.

पहिल्या तीन होलांचे आकडे खोडून नव्यानं लिहिले होते. पाचाचे सहा, चाराचे पाच, चाराचे पाच. बाजूला गणपतची बारीक सही. बाकी सहा होल जसेच्या तसे. रफिक चव्वेचाळीस, भास्कर पंचेचाळीस, आणि यांचे शेहेचाळीस. चोख तिसरा नंबर, जर दिलीप मध्ये आला नाही तर.

कार्ड अजून टेबलाला लागलं नव्हतं, माझ्या हातातच होतं. शंका असेल तर एकदा विचारणं माझं काम आहे, म्हणून विचारलं.

"वंदनाबाई, तिसऱ्यावर चार की पाच?"

"कार्डावर काय हाय?"

"पाच."

"मंग पाच."

"आणि खरं?"

त्यांनी रुमाल सोडून पुन्हा बांधला. "भाऊ, खऱ्याले सही कायले लागते? सही हाय ना खाली?"

गणपतकडे पाहिलं. तो म्हणाला, "माही सही हाय. बाकी मले काई माहीत नाही. मी ड्रायव्हर माणूस."

आता मला सांगा, मी काय करायचं होतं? जास्त लिहून सही केली तर जास्तच धरतात, हे इतकी वर्षं मी साहेबांच्या छातीवर बसून सांगितलेलं. डॉक्टरांना मी तीन फटके चिकटवले होते, इथंही तीनच होते. मुद्दाम लिहिणाऱ्याबद्दल पुस्तकात मागं कुठंतरी गैरवर्तनाचं एक कलम आहे. ते पान मी त्या दिवशी उघडलं नाही. फळ्यावर शेहेचाळीस लिहिले.

आणि दिलीप प्लंबर आला. घामाघूम, हसत. मी त्याची बेरीज केली, पुन्हा एकदा केली. शेहेचाळीस.

बरोबरी. म्हणजे शेवटचे सहा होल. शेडमध्ये सगळे टेबलाभोवती गोळा झाले, भास्कर तर माझ्या खांद्यावरूनच वाचत होता. वंदनाबाई मात्र खांबाला टेकून शांत उभ्या होत्या. दिलीपचे शेवटचे सहा होल बत्तीस. बाईंचे तीस.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की वाढवलेले तिन्ही फटके पहिल्या तीन होलांतच का होते. शेवटच्या सहांतला एकही आकडा तिनं हलवला नव्हता. तिथं तीन वाढवले असते तर तेहेतीस झाले असते आणि बाई छत्री घेऊन घरी गेल्या असत्या. बारा वर्षं साहेब लोक ज्यावरून तिच्यासमोर भांडले, ते त्यांच्यापैकी एकालाही इतकं नीट कळलं नव्हतं. मी टेबलामागं बसून मनातल्या मनात तिला सलाम ठोकला.

बक्षीस समारंभात जनरल मॅनेजर साहेबांच्या मॅडमनी मशीनच्या चाकाला हात लावत विचारलं, "वंदना, मला तर वाटलं तूच पहिली येशील. काय झालं गं?"

"सुरुवात बिघडली, मॅडम," बाई म्हणाल्या. गणपत खोकत बाहेर गेला.

रफिकला बॅग आणि बूट मिळाले. त्याचा पाय सात नंबरचा. बूट घालून चार पावलं चालला, पाय पुढं गेले, बूट मागं राहिले. "इसमें तो तुम्हारी भाभी का भी पैर आ जाएगा, साथ में," म्हणाला. पुढं त्यानं पुढच्या टोकात कापूस कोंबून ते दोन लग्नांत वापरले.

हे मी हसत हसत सांगतो, पण एक गोष्ट मला बोचते. क्लबच्या भिंतीवर विजेत्यांचा लाकडी फलक आहे. कामगार स्पर्धेच्या पहिल्या वर्षापुढं रफिकचं नाव आहे, माझ्याच अक्षरावरून पेंटरनं उतरवलेलं. फलकावर फक्त पहिला नंबर जातो. त्या मैदानावर तिच्याइतकं चांगलं खेळणारं कामगारांत कोणी नव्हतं आणि तिचं नाव तिथं कुठंच नाही. आणि हे माझ्यामुळे. मशीन पहिल्या नंबराला आणि बूट तिसऱ्याला लावले असते, तर तिला काहीच चोरावं लागलं नसतं, स्वतःचे तीन फटके तर नाहीच. किंमत बघून मी नंबर लावले. पुढच्या वर्षी मी मशीन पहिल्याला लावली. ती एक हुशारी मला एक वर्ष उशिरा सुचली. तोवर वंदनाबाईंनी फळी सोडली होती, गणवेशातून त्यांना सवड नव्हती.

मी निवृत्त झालो तेव्हा क्लबनं मला सुटाचं कापड आणि एक शर्टाचं कापड दिलं. आता तिथं स्कोअर मोबाईलवर भरतात. प्रत्येक होलचा आकडा तिथल्या तिथं सगळ्यांना दिसतो, बेरीज आपोआप. निंबाखाली बसून विचार करायची सोय राहिलेली नाही. मला विचाराल तर खेळातली निम्मी अक्कल त्यानं गेली, पण मला कोणी विचारत नाही.

सूट शिवायचं माझं वय नाही. शर्टाचं कापड घेऊन मी मागच्या महिन्यात मारेगावला गेलो. वंदनाबाईंचं दुकान आता रस्त्यावर आहे, तीन मशीनी, दोन बाया कामाला. दारालगत तीच जुनी मशीन, रंग उडालेली. मला पाहून उठल्या, खुर्ची पुसली, चहा सांगितला.

मापं घेताना छातीला टेप लावली आणि वहीत दोन इंच जास्त लिहिले. मी मान वाकडी करून पाहत होतो.

"जास्त लिहिलंत."

"कमी कापलं त कापड बाद होते भाऊ. जास्तीचं चालते."

तिथं ब्लाऊज न्यायला आलेली एक मास्तरीणबाई बसली होती. ती म्हणाली, "तुम्ही नोकरी कुठं करत होता?" मी सांगायच्या आधी वंदनाबाईच म्हणाल्या, "हे आमच्या क्लबातले स्कोअरवाले भाऊ. त्या गोल्फात मी पहिली आलती ना, तवाचे."

मास्तरीणबाई हसली. "तुम्ही? गोल्फ? बाई, काहीही सांगता! मशीन तर तिसऱ्या नंबराची, असं तुम्हीच सांगितलं होतं."

वंदनाबाई टेप गुंडाळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण हात थांबले.

सव्वीस वर्षं मी कार्डावर आहे तेवढंच बोललो. जिल्ह्यात कोणी मला खोटं पाडलं नाही, आणि खरंही कोणी विचारलं नाही.

"पहिल्याच आल्या होत्या," मी म्हणालो. "त्रेचाळीस."